सीटवरच्या माणसाचं मोजमाप

किल्ली खिशातच ठेवून दार उघडणारी गाडी घ्या. दाराची मूठ १२५ किलोहर्ट्झच्या आसपास हाक मारते, किल्ली ४३३ मेगाहर्ट्झवर ओ देते. आत बसलं की ब्लूटूथ फोन शोधतं. चाकातले सेन्सर हवेचा दाब कळवत राहतात, गाडीच्या पोटातलं सिमकार्ड कंपनीशी बोलतं, मधल्या खाचेत फोन बिनवायरीने चार्ज होतो आणि बंपरमागचं रडार पुढच्या ट्रकचं अंतर मोजतं. इलेक्ट्रिक गाडी असेल तर पायाखालून बॅटरीचा प्रवाह धावतो तो वेगळाच.

आमच्याकडे अशी गाडी घ्यायचं ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. मीनाताई ही माझी थोरली बहीण. तिने आयुष्यभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. अनिकेत माझा मुलगा. चाकणजवळच्या एका प्रयोगशाळेत गाड्यांची विद्युतचुंबकीय चाचणी करणं हे त्याचं काम. वाचून बोलणारी दोघं, आणि हट्टही सारखाच. त्यांचं बोलणं थोडं आटोपशीर करून पुढे देतो आहे. मधे मी तोंड खुपसलं आहे, तेही ठेवलं आहे.

मीनाताई : एका चार्जिंगवर गाडी किती पळते ते सांगितलंस, खर्च सांगितलास. नातवंडं मागच्या सीटवर कशात बसणार ते सांग. चारी बाजूंनी पत्रा आणि आत सात-आठ ट्रान्समीटर. लहरी आतल्या आत आपटत राहणार.

अनिकेत : चारी बाजूंनी पत्रा असता तर आत तुझा फोन लागलाच नसता, आत्या. ९०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ३३ सेंटिमीटर लांब. खिडक्या त्याहून कितीतरी मोठ्या. थोडं परावर्तन होतं, बाकीचं निघून जातं. आणि मुळात सोडलं किती जातं ते बघ ना. ब्लूटूथची ताकद बहुधा अडीच मिलिवॉटच्या घरात. तुझ्या पर्समधला फोर-जी फोन जोर लावतो तेव्हा २०० मिलिवॉटपर्यंत जातो. चाकातला सेन्सर नाण्याएवढ्या बॅटरीवर कित्येक वर्षं काढतो. तो असा किती बोलत असेल?

मीनाताई : फोन मी बंद करू शकते. गाडीतलं सिम मला बंद करता येतं का?

अनिकेत : नाही येत. युरोपात तर २०१८च्या मार्चअखेरपासून नव्या मॉडेलमध्ये ते सक्तीचंच आहे, कारण अपघात झाला की गाडी स्वतः ११२ क्रमांक लावते. आपल्याकडे टॅक्सी-बसमध्ये एआयएस-१४० प्रमाणातलं यंत्र असतं, त्यालाच आणीबाणीचं बटण जोडलेलं. रात्री एकटी प्रवास करणारी बाई ते बटण काढा म्हणेल का? शिवाय त्या सिमचा अँटेना बहुतेक छतावरच्या त्या माशाच्या परासारख्या फुगवट्यात असतो. त्याच्या आणि तुझ्या डोक्याच्या मधे पत्रा आहे. ज्या पत्र्याला तू नावं ठेवतेस, तोच इथे तुझ्या बाजूने आहे.

मीनाताई : म्हणजे गाडी निर्दोष, फोन गुन्हेगार.

अनिकेत : गुन्हेगार कोणीच नाही, पण आतला सगळ्यात मोठा ट्रान्समीटर आपण स्वतः घेऊन चढतो, हे खरं आहे. चार जण बसले की चार फोन. त्यात फोन रेंज कमी झाली की आवाज चढवतो. खंडाळ्याच्या घाटात बोगद्याच्या तोंडाशी तू कानाला फोन लावून 'हॅलो, हॅलो' करतेस ना, तेव्हा तो जवळजवळ पूर्ण ताकदीने ओरडत असतो. तोच फोन डॅशबोर्डवर ठेवून स्पीकरवरून बोललीस, तर डोक्याला मिळणारा वाटा एकदम खाली येतो. या प्रकरणात अंतरासारखं औषध नाही.

मीनाताई : बरं. आता बॅटरीकडे ये. ती पायाखाली आहे आणि तिथे अंतर ठेवायला जागा नाही.

अनिकेत : हा प्रश्न खरा. रेडिओ लहरींपेक्षा वेगळाही. बॅटरीतून इन्व्हर्टरला, तिथून मोटरला शेकडो अँपिअर जातात. प्रवाह बदलतो तसं चुंबकीय क्षेत्र बदलतं. नॉर्वेतल्या सिंटेफ या संशोधन संस्थेने युरोपातल्या सहकाऱ्यांबरोबर सात इलेक्ट्रिक गाड्या, हायड्रोजनवरची एक, पेट्रोलच्या दोन आणि डिझेलची एक अशा गाड्या मोजल्या. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. जास्तीत जास्त क्षेत्र मिळालं ते फरशीजवळ, बॅटरीशी, गाडी सुरू करताना. तेही आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या २० टक्क्यांच्या आत. डोक्याच्या उंचीवर २ टक्क्यांहून कमी. पेट्रोल-डिझेल गाड्यांत १० टक्क्यांच्या आसपास.

मीनाताई : पेट्रोलच्या गाडीत कुठून आलं?

अनिकेत : अल्टरनेटर, वायरी, आणि टायर! रेडियल टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात आणि ते चुंबकित झालेले असतात. चाक फिरलं की चुंबक फिरतं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सॅम्युअल मिल्हॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून छापलं. सीटच्या उंचीवर २ मायक्रोटेस्लाच्याही वर. हे क्षेत्र बहुधा २० हर्ट्झच्या खालचं असतं, म्हणून नेहमीच्या मीटरला ते दिसायचंच नाही. तू ऑनलाइन मागवलेल्या त्या मीटरलाही दिसेल असं वाटत नाही.

(ताईचा मीटर हा आमच्या घरातला वेगळाच अध्याय. तो फ्रीजला लावून झाला, मिक्सरला लावून झाला, हेअर ड्रायरपाशी तर तो किंचाळलाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात हेअर ड्रायरचे आकडे तीन सेंटिमीटरवर ६ ते २००० मायक्रोटेस्ला आणि तीस सेंटिमीटरवर ०.०१ ते ७ असे आहेत. अनिकेतचं अंतराचं औषध त्या तक्त्यात स्वच्छ दिसतं. ताईने मीटर गाडीत न्यायचं त्यानंतर काही सोडलं नाही.)

मीनाताई : टक्के तू मर्यादेचे सांगतोस. मर्यादा कशाच्या? ५० हर्ट्झला लोकांसाठी १९९८ साली १०० मायक्रोटेस्ला होती, २०१० मध्ये ती वाढवून २०० केली. इकडे मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचे निरनिराळ्या देशांतले अभ्यास २००० साली एकत्र करून पाहिले, तर घरात सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर राहणाऱ्या मुलांत धोका साधारण दुप्पट दिसला. एका बाजूला ०.४, दुसऱ्या बाजूला २००. आणि तू मला २०० चे टक्के सांगून झोप म्हणतोस.

हा ताईचा हुकमाचा पत्ता होता आणि तो हलका नाही. वर्तमानपत्री भीती वेगळी आणि हा आकडा वेगळा. अनिकेतनेही तो उडवून लावला नाही.

अनिकेत : आकडे बरोबर आहेत. २०० ची मर्यादा ज्यासाठी आहे ते परिणाम लगेच होणारे आहेत : मज्जातंतू उद्दीपित होणं, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं वाटणं. वीस वर्षांनी काय होईल ते तिच्यात धरलेलं नाही, कारण धरण्याइतका पुरावा मिळाला नाही असं ती मर्यादा ठरवणारे म्हणतात. आणि ०.४ च्या वरच्या गटात मुलं किती होती? एक टक्क्याहूनही कमी. एवढ्या लहान गटात निवडीतल्या त्रुटीही परिणाम दाखवू शकतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांनी त्याला आधार दिला नाही, पेशीत हे नेमकं कसं घडावं याचा मार्ग सापडला नाही. म्हणून कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हे क्षेत्र 'कदाचित' च्या खान्यात, २-ब गटात ठेवलं. आणि ती सरासरी घरातली होती, रात्रंदिवसाची. गाडीत आपण तासभर असतो.

मीनाताई : तू तासभर असतोस. टॅक्सीवाला दहा तास असतो.

अनिकेत : ...ते खरं आहे.

मीनाताई : आणि मुंबईतला टॅक्सीवाला तर सिग्नलला थांबत-निघत दहा तास. तू आत्ताच म्हणालास, निघताना क्षेत्र जास्त.

अनिकेत : मान्य. पण वाहनातून चुंबकीय क्षेत्र येतं हे काल-परवाचं नाही, आत्या. विजेची वाहनं आली तेव्हापासून आहे. कुलाब्याच्या वेधशाळेची गोष्ट तुला ठाऊक असेल. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी तिथे दशकानुदशकं चालल्या होत्या. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं, तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्या लक्षात आलं की आता इथल्या नोंदी बिघडणार. त्यांनी अलिबागची जागा निवडली आणि चुंबकीय नसलेल्या दगडात इमारत उभी केली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे नोंदी चालवून आकडे जुळवून घेतले आणि मग कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी थांबल्या. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. लोक तीत पिढ्यानपिढ्या बसले.

मीनाताई : वा! तू माझंच काम केलंस. ट्रामचा यंत्रांना त्रास होणार म्हटल्यावर अख्खी वेधशाळा खाडीपलीकडे नेली. ट्राममध्ये बसणाऱ्या माणसाला काय होतं, हे कुणी मोजलं का?

अनिकेत : ती यंत्रं पृथ्वीच्या क्षेत्रातला हजारावा, दहा हजारावा हिस्सा टिपणारी होती. अलिबागला पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र चाळीस मायक्रोटेस्लाच्या वर आहे. त्यात सारखे आपण वावरतो.

मीनाताई : ते स्थिर असतं. तुझ्या मोटरचं बदलतं असतं. हा फरक तूच मला शिकवलास. आता एवढंच सांग, तुझ्या त्या चेंबरमध्ये तुम्ही काय मोजता?

इथून पुढचं बोलणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. अनिकेतच्या प्रयोगशाळेत एक मोठी खोली आहे. भिंतींना फोमचे टोकदार सुळके लावलेले, म्हणजे लहर भिंतीला लागून परत येत नाही. मधोमध फिरतं टेबल, त्यावर गाडी. आपल्याकडे गाड्यांसाठी एआयएस-००४ भाग ३ हे प्रमाण आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था त्यानुसार चाचण्या करतात.

अनिकेत : दोन गोष्टी बघतो. गाडीने बाहेर किती गोंगाट सोडला, म्हणजे शेजारच्या घरातला रेडिओ खरखरेल का. त्यासाठी अँटेना गाडीपासून तीन किंवा दहा मीटरवर. आणि उलट, बाहेरून जोरदार लहरी मारल्या तर गाडी गोंधळते का. युरोपच्या नियमात त्यासाठी मीटरला ३० व्होल्टचं क्षेत्र लावतात. त्या वेळी आत माणूस नसतो.

मीनाताई : आणि सीटवर बसलेल्या माणसाच्या छातीशी, पोटाशी किती क्षेत्र आहे?

अनिकेत : ते या चाचणीत नसतं.

मीनाताई : म्हणजे रेडिओला त्रास व्हायला नको, गाडीच्या कॉम्प्युटरला त्रास व्हायला नको. अलिबागपासून चाकणपर्यंत तुमची सगळी काळजी यंत्रांची!

अनिकेत : आता बदलतंय. चीनने २०१८ मध्ये गाडीतल्या माणसाला लागणारं क्षेत्र कसं मोजायचं याचं राष्ट्रीय प्रमाण काढलं. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाचं, म्हणजे आयईसीचं, ६२७६४-१ हे २०२२ मध्ये आलं. कुठल्या सीटवर, शरीराच्या कुठल्या भागाशी, गाडी वेग घेताना, ब्रेक लावताना, चार्ज होताना काय मोजायचं ते त्यात आहे.

मीनाताई : इलेक्ट्रिक गाड्या रस्त्यावर आल्या कधी, आणि मोजायची रीत ठरली कधी? एवढंच मी विचारत होते.

माझ्या मते हा डाव ताईने जिंकला. पुढचा, रेडिओ लहरींचा, मात्र अनिकेतकडे गेला.

मीनाताई : रेडिओ लहरीसुद्धा २०११ पासून २-ब मध्ये आहेत, हे विसरू नकोस.

अनिकेत : त्याच खान्यात खारवलेल्या भाज्याही आहेत.

मीनाताई : त्या चीन-जपानकडच्या रीतीच्या. आपलं कैरीचं लोणचं नव्हे. आणि तो गट धोका किती मोठा ते सांगत नाही, पुरावा किती पक्का ते सांगतो. ही थट्टा माझ्यापुढे नको.

अनिकेत : बरं, थट्टा मागे घेतो. मग पक्क्या पुराव्याचाच गट बघ. डिझेलचा धूर २०१२ पासून पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध. तुझी जुनी डिझेल गाडी तू त्या रडारच्या भीतीने ठेवून घेणार आहेस?

मीनाताई : उंदरांच्या हृदयात गाठी झाल्या होत्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा २०१८ चा अहवाल. त्यांनी तर 'स्पष्ट पुरावा' असे शब्द वापरले.

अनिकेत : नर उंदरांच्या. रोज नऊ तास, दोन वर्षं, अख्ख्या शरीरावर किलोला ६ वॉटपर्यंत. माणसाच्या अख्ख्या शरीरासाठी लोकांची मर्यादा ०.०८ वॉट आहे. पंच्याहत्तर पट. आणि त्या प्रयोगात लहरी खाल्लेले नर उंदीर न खाल्लेल्यांपेक्षा जास्त जगले, हेही त्याच अहवालात आहे. माणसांचं म्हणशील, तर जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आढावा २०२४ मध्ये आला. मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. तोही कानाला लावलेल्या फोनचा. गाडीतलं ब्लूटूथ त्याच्यापुढे काय?

मीनाताई : आयआयटी मुंबईचे गिरीश कुमार २०१० मध्ये दूरसंचार खात्याला मोबाइलच्या मनोऱ्यांबद्दल अहवाल देऊन आले होते. तेव्हाही तुमच्यासारख्यांनी 'काय त्यात' म्हटलं. पण सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणलीच ना?

अनिकेत : आणली. सावधगिरी म्हणून आणली, आजार सिद्ध झाला म्हणून नव्हे. तरी त्यात माझं वाकडं काही नाही.

मीनाताई : आणि ते रडार? आता म्हणे गाडीच्या आतसुद्धा बसवतात, मुलाकडे तोंड करून.

अनिकेत : बाहेरचं ७७ गिगाहर्ट्झचं, ते कातडीत मिलिमीटरभरही नीट शिरत नाही. आतलं साठच्या आसपासचं, तेही तसंच वरवरचं, ताकद अगदी कमी. ते कशासाठी आहे माहीत आहे? बंद गाडीत विसरलेलं मूल श्वासाच्या हालचालीवरून ओळखायला. ब्लँकेटखाली झोपलेलं असलं तरी. गाड्यांची सुरक्षितता तपासणारं युरो एनकॅप २०२३ पासून त्याचे गुण देतं. आपल्या विदर्भातल्या उन्हात बंद गाडीत मूल राहिलं तर काय होतं, ते जीवशास्त्राच्या बाईंना मी सांगू?

ताई यावर काही बोलली नाही. नातवंडांच्या बाबतीत तिचं गणित बिनचूक असतं.

मधला एक प्रश्न माझा होता, कारण पेसमेकर मला बसवलेला आहे. म्युनिकच्या हृदयरोग केंद्रात असे १०८ रुग्ण चार वेगवेगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांत बसवून, त्यांच्याकडून गाडी चार्ज करवून पाहिलं. २०१८ मध्ये छापून आलं. एकाच्याही यंत्रात बाधा आली नाही. जास्तीत जास्त क्षेत्र सीटवर नव्हतंच, ते चार्जिंगच्या केबलशी होतं. म्हणून मी गाडीत बिनधास्त बसणार आणि केबल खांद्यावर टाकून गप्पा मारणार नाही. फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवत नाही, किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवतो. बिनवायरीच्या चार्जरवर वाकून काही शोधत बसत नाही. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं, शेजाऱ्याच्या मीटरला नव्हे.

नव्या गाड्यांत बसलं की डोकं दुखतं, ही ताईची आणखी एक तक्रार होती. दुखतं हे खरंच. पण लहरी चालू आहेत की बंद हे लोकांना न सांगता केलेल्या प्रयोगांत, आपल्याला लहरींचा त्रास होतो म्हणणाऱ्यांनाही ते ओळखता आलेलं नाही. नव्या प्लास्टिकचा वास आणि काचा बंद करून आतलीच हवा फिरवणारा एसी, ही कारणं आधी तपासावीत. काच दोन बोटं खाली करायला पैसे पडत नाहीत.

शेवटी दोघांनी एकमेकांना काय दिलं, ते सांगतो. ताईने मीटर कपाटात ठेवला आणि गाडीला होकार दिला. अनिकेतने कबूल केलं की 'मर्यादेच्या आत आहे' हे उत्तर अर्धं आहे. कुठल्या सीटवर किती, हा आकडा गिऱ्हाइकाला मिळत नाही तोवर विश्वास ठेवा म्हणणं उद्धटपणाचं आहे.

माझं मत लपवण्यासारखं नाही. गाडीतल्या रेडिओ लहरींची भीती मला पटत नाही. २०२२ साली भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. ड्रायव्हरच्या हातातला फोन त्यांत भर घालतो तो लहरींनी नाही, नजर खाली ओढून. हातात फोन धरून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात मोडतं, ते याच कारणाने. कमी वारंवारितेच्या चुंबकीय क्षेत्राचा प्रश्न मात्र मी मिटलेला मानत नाही. तो धोक्याचा आहे म्हणून नव्हे. दहा तास सीटवर बसणाऱ्या माणसासाठी तो आपल्याकडे धड मोजलाच जात नाही, म्हणून. मोजायची रीत २०२२ पासून तयार आहे. चेंबर आपल्याकडे आहेत, अनिकेतसारखी मुलं आहेत. भारत एनकॅपचे तारे जसे गाडीबरोबर जाहीर होतात, तसे प्रत्येक सीटवरचे हे आकडे वाहतूक मंत्रालयाने कंपन्यांना जाहीर करायला लावावेत, आणि सुरुवात टॅक्सी व बसपासून करावी.